पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस

३ ऑगस्ट

दादा,

तुला नमस्कार, आणि तुझ्या खळीच्या डब्याला वेगळा. फोनवर तू तीन वाक्यांत उरकतोस, म्हणून पत्र.

पुस्तकांचं खोकं काल शाळेत पोचलं. एकतीसच्या एकतीस प्रती. मी तुझ्याकडे पाठवल्या तेव्हा त्यांना पुस्तकं म्हणायला धाडस लागत होतं. पंधरा वर्षं सहावीच्या मुलांनी हाताळलेल्या, अर्ध्यांचे पुठ्ठे गेलेले, पानं सुटी. ही कादंबरी आता कुठे छापत नाहीत, म्हणून तुला त्रास दिला. आता निळ्या कापडाच्या पाठी टेबलावर रांगेत उभ्या आहेत. मुख्याध्यापकांनी एक उलटीपालटी केली आणि म्हणाले, “बाई, नवीन कशाला घेतल्या?” मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. एका प्रतीचा पुठ्ठा उलटा लागलाय. बाबा असते तर तुला दिवसभर ऐकवलं असतं. मी नाही ऐकवणार.

तू पुस्तकं बांधतोस, वाचत नाहीस, म्हणून गोष्ट सांगते. फार जुना काळ. किल्ल्यात सरदार, त्याच्याखाली शिलेदार, आणि सगळ्यात खाली शेत कसणारी माणसं. ही माणसं जमिनीला बांधलेली. सरदाराला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, लग्न करायचं नाही. घरचा कर्ता मेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर सरदाराच्या घरी पोचवायचं. आपली नायिका पाणचक्कीवर राबणाऱ्या गड्याची मुलगी, बारा वर्षांची. बाप जातो, गाय जाते. तेव्हा असा कायदा होता की तटबंदीच्या शहरात पळून जाऊन एक वर्ष आणि एक दिवस राहिलं, तर तो माणूस मोकळा. तिची आई तिला शहराच्या वेशीपर्यंत सोडते आणि स्वतः मागे फिरते. पुढचं मुलांना कळायचंय, तर तुलाही थांबावं लागेल.

बाकी ठीक. संध्याकाळी खोलीवर आलं की जरा सुनं वाटतं, पण भूगोलाच्या बाई असतात गप्पांना. सुट्टीत तिकडे येऊ का?

तुझी,
मास्तरीण

११ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. पुठ्ठा उलटा लागला तेव्हा फोन वाजला होता, लक्ष गेलं. बाबांना सांगायला तू वर जाऊ नकोस म्हणजे झालं.

माझं अक्षर मोठं वाटेल. पेन जाड आहे.

दुकान मजेत. समोरचे शिंपी रोज सकाळी येऊन बसतात. त्यांना गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. त्यांनाही तुझी गोष्ट सांगितली. ते विचारतात की एवढं जमिनीला बांधून ठेवलेलं, तर कपडे कोण शिवायचं? तुझ्या पुस्तकात शिंपी आहे का ते कळव.

सुट्टीत कशाला येतेस? दोन दिवसांचा प्रवास, इथे येऊन काय बघणार, मी आणि पुठ्ठे. येऊ नकोस. भूगोलाच्या बाईंबरोबर कुठे तरी फिरून ये.

दादा

२६ ऑगस्ट

दादा,

शिंपी आहे, पान नव्वदवर, आणि तो लबाड आहे. तुझ्या शिंप्यांना सांगू नकोस.

वर्गात खेळ केला. चिठ्ठ्या उडवल्या. एक सरदार, पाच शिलेदार, बाकी सगळे कसणारे, आणि आठवडाभर तसंच वागायचं. सरदार निघाला वर्गातला सगळ्यात भित्रा मुलगा, ज्याला पोरं ससा म्हणतात. पहिल्या दिवशी हुकूम सोडायच्या आधी मला विचारायचा, “बाई, सोडू का?” तिसऱ्या दिवशी त्यानं फर्मान काढलं की मधल्या सुट्टीत नळावर आधी सरदार, मग शिलेदार, आणि उरलेल्यांनी घंटा व्हायच्या आत काय ते उरकायचं. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत हजर. घरी जेवून उठतो आणि ताट तसंच ठेवतो म्हणे, विचारलं तर म्हणतो हे सरदाराचं काम नाही. मी त्याची सरदारकी तिथल्या तिथे खालसा केली.

मुलं फार चिडली होती. “बाई, कसणारे एवढे सगळे होते, मग पळून का नाही गेले?” हा प्रश्न दर वर्षी येतो. मी दर वर्षी सांगते की घर तिथे, माणसं तिथे, पळून जायचं कुठे. दर वर्षी त्यांना ते पटत नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. तिला हळूबाई म्हणतात, कारण तिचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आई गेल्या वर्षी वारली, मावशीकडे असते. खेळ संपला म्हटल्यावर वर्ग नुसता ओरडला. ही मात्र टेबलापाशी येऊन म्हणाली, “बाई, अजून चार दिवस ठेवू या ना. आम्ही कसणारे सगळे एकत्र बसायचो.” दुसऱ्या दिवसापासून तिला तापच आला. चार दिवसांनी आली तेव्हा मी म्हटलं, मधलं प्रकरण घरी वाचून काढ. तिनं मान हलवली.

तुझं अक्षर खरंच फार मोठं झालंय. ते पेन फेकून दे.

मास्तरीण

४ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

सरदाराचं वाचून शिंपी इतके हसले की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. त्या गोळा करण्यात सकाळ गेली.

पुस्तकातल्या आईचं पुढे काय होतं, तेवढं कळव. मला वाचायला सवड नाही, आणि प्रती तर तुझ्याकडे आहेत. शिंपी म्हणतात ती मुलीच्या मागून शहरात येते. मी म्हणतो नाही येत.

फोन केलास तेव्हा मी दुकानात नव्हतो. प्रकृती ठणठणीत. येऊ नकोस.

दादा

१९ सप्टेंबर

दादा,

तू जिंकलास. आई येत नाही. पान एकशे वीसवर ती गेल्याचा निरोप येतो. मुलीचे तेव्हा तीनशे दिवस झालेले असतात. आईला माती द्यायला गावी गेली तर सरदाराची माणसं धरणार, सगळं फुकट. ती जात नाही. पासष्ट दिवस आणि वर एक दिवस तशीच काढते, आणि मोकळी होते. तिथे पुस्तक संपतं.

मी वर्गाला विचारलं, तुम्ही तिच्या जागी असतात तर गेला असतात का? सव्वीस हात वर. मग ससा उभा राहिला. “बाई, तुम्ही गेला असता?” मी म्हटलं, “चला, घंटा झाली.” घंटेला अजून दहा मिनिटं होती.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. दुसऱ्या दिवशी शेवटावर बोलत होतो. मी म्हटलं, मुलगी मोकळी झाली, पण एकटी राहिली. तेव्हा हळूबाईनं हात वर केला. जूनपासून पहिल्यांदा. म्हणाली, “बाई, ती एकटी नाही. शेवटी आई येते ना तिच्याबरोबर.”

वर्ग हसला. कोणी तरी म्हणालं, अगं, ती मेली ना. तर ही उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “ती बातमी खोटी होती. समाप्त लिहिलंय, पण पुस्तक संपत नाही. पुढे आई येते.”

मी तिची प्रत घेतली. दादा, त्यात पान बत्तीसनंतर एकदम एकोणपन्नास होतं. आणि शेवटी, समाप्तच्या पुढे, तेहतीस ते अठ्ठेचाळीस. तेच प्रकरण, आई मुलीला उठवते, “उजाडायच्या आत निघू” म्हणते आणि दोघी शहराकडे चालायला लागतात. तापात तिचं हेच प्रकरण बुडलं होतं. घरी वाच म्हटलं, तर तिला ती पानं जागेवर सापडली नाहीत आणि तिनं कोणालाही सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. मग शेवटी ती पानं आली आणि तिनं अर्थ लावला की मुलगी मोकळी झाली, गावी गेली, आई जिवंतच होती, आणि आता दोघी मिळून निघाल्या आहेत. अर्थ चोख लावला होता.

आणि मी काय केलं? प्रत उंच धरून सगळ्या वर्गाला सांगितलं की बांधताना चूक झालीय, ही पानं आधीची आहेत. तिला दुसरी प्रत दिली. ती खाली बसली. चूक दुरुस्त केल्याचं एवढं वाईट मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

तुझ्यावर रागावले नाही. पण हे कसं झालं?

मास्तरीण

२७ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

छापखान्याची चूक. जुन्या छपाईत होतं असं. पानं काही मी मोजत बसत नाही.

त्या मुलीला म्हणावं, मन लावून वाचते, चांगलं आहे. खोकं परत पाठव, नीट करून देतो. तू येऊ नकोस, टपालानं पाठव.

दादा

६ ऑक्टोबर

दादा,

छापखान्याची चूक हे तू कोणाला सांगतोस? त्याच प्रती मी पंधरा वर्षं शिकवते. तुझ्याकडे येईपर्यंत प्रत्येकीत बत्तीसपुढे तेहतीसच होतं.

मीही त्याच दुकानात वाढले आहे. काल मी त्या प्रतीचं कापड पाठीवरून सोडवलं. सोळा-सोळा पानांच्या घड्या, प्रत्येकीच्या पाठीवर काळी खूण, आणि घड्या नीट लावल्या की खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एक पायरी चुकली तर दारातूनसुद्धा दिसते. हे बाबांनी मला दुसरीत असताना शिकवलं, तुला त्याच्याही आधी. ज्याला नीट दिसतं त्याच्या हातून ही चूक होत नाही. मग मी उरलेल्या तीस प्रती पाहिल्या. टाके तिरके आहेत. काही ठिकाणी दोरा एकाच भोकातून दोनदा गेलाय. मला हे ऑगस्टमध्येच दिसायला हवं होतं, पण मी निळं कापड बघून खूश होते.

फोन केला तर “ऐकू येत नाही” म्हणून ठेवलास. ऐकू तुला चांगलं येतं.

आता माझं ऐक. चोवीस वर्षांपूर्वी मी या नोकरीला लागले. पहिलं वर्ष प्रोबेशनचं, लांब रजा घेतली तर नोकरी गेली. दहाव्या महिन्यात तू लिहिलंस, आईला जरा बरं नाही, काळजी नको, येऊ नकोस. पुढचं पत्र आलं ते सगळं आटोपल्यावर. मी कधी विचारलं नाही, कारण विचारायची भीती वाटायची. ससा विचारतो तेव्हा मी घंटा झाली म्हणते. मी गेले असते की नाही, हे मला ठाऊकच नाही, दादा. तू मला ते ठरवूच दिलं नाहीस. आणि आज परत तेच करतोयस.

खोटं मीही लिहिलं. भूगोलाच्या बाई गेल्या वर्षीच बदलून गेल्या. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. रविवारी मी कधी कधी उगाच वाण्याकडे जाते, काही तरी विसरलं म्हणून.

हळूबाईनं नवी प्रत परत आणून दिली. “मला माझीच द्या.” मी तिला शेजारी बसवून सगळं नीट समजावलं, कापड परत चिकटवलं, आणि दिली. म्हणाली, “मला कळलं बाई, ती पानं आधीची आहेत. पण मी ती शेवटीच वाचणार.”

तुला किती दिसतं? एवढंच लिही. मला नीट उत्तर हवं आहे.

तुझी बहीण

१७ ऑक्टोबर

ताई,

हे अक्षर माझं, म्हणजे समोरच्या शिंप्याचं. बोलणं तुमच्या दादांचं. ते सांगतील तसं लिहितो, मध्ये भांडण झालं तर तेही लिहितो. तुमची सगळी पत्रं मीच वाचून दाखवतोय, त्याबद्दल माफ करा. लबाड शिंप्याचंही वाचलं.

मास्तरीणबाई, उजवा डोळा गेला. डाव्यानं कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही आणि उरलंय ते किती टिकेल याचा भरवसा नाही. आतापर्यंतची पत्रं मी पट्टी ठेवून लिहिली. एक पत्र म्हणजे अख्खी दुपार.

तुझी पुस्तकं नाही म्हणता आली नाहीत. बाकी कामं मी चैत्रातच बंद केली होती. शिंपी रोज सकाळी येऊन सुया ओवून ठेवायचे, आणि मी बोटांनी चाचपून शिवायचो. दोन महिने लागले. शेवटचं काम तुझं होतं, ते तरी चोख व्हावं असं फार वाटत होतं. नाही झालं. त्या पोरीला माझ्यामुळे सगळ्यांसमोर खाली बसावं लागलं, ते मनातून जात नाही.

(इथे मी म्हटलं, बाकीचं उद्या लिहू. तर म्हणाले, नको, आजच.)

आता आईचं. ती आठ दिवस तुला बोलवत होती. मी म्हटलं, ये म्हणून पत्र टाकलंय. टाकलं नव्हतं. तिनं बोटांवर दिवस मोजले, पत्राला चार आणि गाडीला दोन. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी विचारायची, “निघाली का?” मी म्हणायचो, निघाली. सहाव्या दिवशी तू आली नाहीस, तेव्हा म्हणाली गाडी चुकली असेल. सातव्या दिवशी म्हणाली, “आता नदीवरचा पूल ओलांडला असेल.” मी म्हटलं, हो. आठव्या दिवशी दुपारी गेली. तू वाटेत आहेस असं समजून गेली.

तुझी नोकरी टिकावी म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं वेगळं आहे. मला वाटलं, एकदा आलीस की तू मला एकट्याला टाकून परत जाणार नाहीस, आणि तुझा जन्म या खळीच्या वासात जाईल. आपल्यातलं एक तरी बाहेर पडावं असं मला वाटत होतं. पण ठरवायला तुला द्यायला हवं होतं. चोवीस वर्षं हे रोज आठवतं.

शेवटी येऊ नकोस असं लिहा म्हटलं, तर शिंपी म्हणतात, हे मी नाही लिहिणार, तुमचं तुम्ही लिहा.

(मी पेन त्यांच्या हातात दिलं, ताई. बराच वेळ धरून बसले होते. मग तसंच परत दिलं.)

२६ ऑक्टोबर

दादा,

हे तू वाचणार नाहीस, ऐकशील, आणि तेही शिंपीदादांच्या आवाजात. म्हणून थोडक्यात लिहिते.

त्या आठ दिवसांचं वाचून मी दोन दिवस शाळेत गेले नाही. खूप रडले. तुझा राग आलाय, तो आल्यावर समोर बसून काढीन. पण ती मला बोलवत होती हे कळलं, ते बरं झालं.

लांब रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी विचारलं, परत कधी? मी म्हटलं, माहीत नाही. काल वर्गाला खरं काय ते सांगितलं. माझी आई गेली तेव्हा मी गेले नव्हते, आणि आता भावाकडे जाते आहे.

पत्र आज टाकते. चार दिवसांनी तुला मिळेल, आणि त्याच दिवशी सकाळी माझी गाडी सुटते. तिकीट मुद्दाम तसंच काढलंय. पुढचे दोन दिवस तू मोज.

शिंपीदादा, तुम्ही हे वाचाल तेव्हा मी गाडीत असेन. त्यांनी विचारलं, “निघाली का?”, तर सांगा, निघाली. या वेळी ते खरं असेल.